टॉरी कॅन्यन: धुऊन काढलेल्या किनाऱ्याची पंधरा वर्षं

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलची मुख्य भूमी आणि सिली बेटं यांच्या मधे सेव्हन स्टोन्स नावाची खडकांची रांग आहे. 18 मार्च 1967 च्या सकाळी टॉरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज या रांगेतल्या पोलार्ड्स रॉकला जाऊन लागलं. पोटात कुवेतचं सुमारे 1,19,000 टन कच्चं तेल होतं आणि ते वेल्समधल्या मिलफर्ड हेवनला पोचवायचं होतं. एवढं खोल बसणारं जहाज त्या बंदरात मोठ्या भरतीलाच शिरू शकत होतं. त्या रात्रीची भरती हुकली असती तर पुढच्या उधाणापर्यंत बाहेर तिष्ठत बसावं लागलं असतं, म्हणून कप्तानाने सिली बेटांना वळसा घालण्याऐवजी मधला जवळचा रस्ता धरला. पुढे जहाज मोडलं आणि 28 मार्चपासून ब्रिटिश विमानांनी उरलंसुरलं तेल पेटवून देण्यासाठी त्याच्यावर बॉम्ब, पेट्रोल आणि नापाम हे चिकटून जळणारं इंधन टाकलं. या भागाबद्दल खूप लिहिलं गेलं आहे, म्हणून तो इथेच सोडतो.

मला सांगायचं आहे ते किनाऱ्याबद्दल. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खडकांवर या तेलाने काय केलं, ते तेल काढायला ओतलेल्या औषधाने काय केलं, आणि त्यानंतर ते खडक पूर्ववत व्हायला किती काळ गेला. खडकाळ किनाऱ्याच्या परिसंस्थेबद्दल आज जे खात्रीने सांगता येतं, त्यातला मोठा वाटा या एका अपघाताच्या पाठपुराव्यातून आला आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: कॉर्नवॉलच्या खडकांना तेलाने जखम केली, पण त्यांचा खरा घात केला तो सफाईने.

आधी तिथे काय होतं

कॉर्नवॉलचा बराचसा किनारा अटलांटिकच्या लाटा थेट अंगावर घेतो. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे दिवसातून दोनदा उघडा पडणारा खडकाचा पट्टा चांगला रुंद असतो. या पट्ट्यात प्रत्येक जिवाची जागा ठरलेली असते. अगदी वर, जिथे लाटेचे फक्त तुषार पोचतात, तिथे काळी दगडफुलं आणि बारीक शंख. त्याखाली बार्नॅकलचा, म्हणजे खडकाला कायमच्या चिकटलेल्या छोट्या कवचधारी प्राण्यांचा, पांढुरका, खरखरीत थर. खालच्या अंगाला लाल शेवाळं आणि सर्वांत तळाशी केल्प या मोठ्या तपकिरी शेवाळाचे जाड पट्टे. आडोशाच्या खाड्यांमध्ये मधला पट्टा फ्यूकस या तपकिरी शेवाळाने झाकलेला असतो. पण लाटांच्या माऱ्यातल्या उघड्या खडकावर फ्यूकस तुरळकच दिसतं. तिथे राज्य असतं बार्नॅकलचं आणि लिम्पेटचं.

लिम्पेटकडे जरा जवळून पाहायला हवं, कारण पुढची सगळी कथा या प्राण्याभोवती फिरते. ही टोपीसारख्या शंकूच्या आकाराच्या कवचाची गोगलगाय आहे. तिथली नेहमीची जात पटेला व्हल्गाटा. पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त जगू शकते. ओहोटीच्या वेळी ती खडकाला इतकी घट्ट बसते की हाताने ओढून निघत नाही. जिथे बसते तिथे कवचाची कड झिजून खडकाशी नेमकी जुळलेली असते आणि मऊ खडक असेल तर खडकातच वर्तुळाकार खाच पडलेली असते. चरायला निघाली की ती खडकावरून थोडं अंतर फिरते आणि परत आपल्याच खाचेत येऊन बसते. तिच्या जिभेवर दातांच्या रांगा असतात आणि त्या दातांत गोथाइट हे लोहखनिज असतं. 2015 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी या दातांची ताकद मोजली, तेव्हा तोवर माहीत असलेल्या कुठल्याही जैविक पदार्थापेक्षा ती जास्त भरली. या दातांनी ती खडकावरचा सूक्ष्म शेवाळाचा थर खरवडते आणि त्या थरात नुकती रुजलेली फ्यूकसची रोपंही तिच्या पोटात जातात.

म्हणजे उघड्या खडकावर फ्यूकस दिसत नाही, त्याला लाटांइतकीच लिम्पेटही कारण आहे. हे 1967 च्या आधी एकदा तपासून झालं होतं. आइल ऑफ मॅन बेटावर पोर्ट सेंट मेरी इथे 1946 पासून एन. एस. जोन्स यांनी खडकाच्या एका पट्ट्यावरचे लिम्पेट काढून टाकले, तर तो पट्टा आधी हिरव्या आणि मग तपकिरी शेवाळाने भरून गेला, बाजूचा खडक मात्र होता तसाच राहिला. एका पट्ट्यापुरतं केलेलं ते काम वीस वर्षांनी कॉर्नवॉलच्या मैलोगणिक किनाऱ्यावर, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, पुन्हा घडलं.

तेल आणि औषध

जहाज फुटल्यापासून तेल कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला लागेपर्यंत जवळपास आठवडा गेला. हा आठवडा महत्त्वाचा आहे. कच्च्या तेलातले हलके, सुगंधी (बेंझीनसारख्या) गटातले घटक सर्वांत विषारी असतात आणि तेच सर्वांत लवकर उडून जातात. उरलेलं तेल लाटांनी घुसळलं गेलं, त्यात पाणी शिरलं, आणि खडकावर पोचलं ते तपकिरी, चिकट लगद्याच्या रूपात. हा लगदा जाड बसला की खालचे जीव गुदमरतात. समुद्रपक्ष्यांसाठी तर तो काळच होता; गिलेमॉट आणि रेझरबिल हजारोंनी मेले. पण खडकावरच्या शंखशिंपल्यांच्या बाबतीत चित्र वेगळं होतं. नुसतं तेल लागलेल्या खडकांवर बरेच लिम्पेट आणि बार्नॅकल जिवंत राहिले. काही ठिकाणी लिम्पेट तेलाच्या पातळ थरावरूनच चरताना दिसले. शेवाळाबरोबर तेल पोटात जात होतं आणि विष्ठेतून बाहेर पडत होतं.

पण त्या लगद्याला तसंच राहू देणं त्या वेळी कोणालाच परवडणार नव्हतं. 1967 चा ईस्टर 26 मार्चला होता, कॉर्नवॉलचं पोट पर्यटनावर चालतं, आणि उन्हाळ्याचा हंगाम तोंडावर आला होता. सुमारे 200 किलोमीटर किनाऱ्याला तेल लागलं होतं. लोकांना किनारा स्वच्छ हवा होता, लगेच हवा होता, आणि सरकारलाही काहीतरी होतंय हे दाखवायचं होतं. उपाय म्हणून आलं ते तेल फोडणारं रसायन, ज्याला तेव्हा सगळे सरसकट डिटर्जंट म्हणत. सैनिक, अग्निशमन दल, स्थानिक कामगार, स्वयंसेवक सगळे कामाला लागले. पिंपं किनाऱ्यावर उतरवली गेली, जिथे रस्ता नव्हता तिथे कड्यावरून खाली सोडली गेली. फवारे मारले, पाण्याच्या जोरदार धारेने धुतलं, पुन्हा तेल आलं की पुन्हा फवारलं. हिशेब असा सांगितला जातो की कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला साधारण 14,000 टन तेल लागलं आणि त्यावर सुमारे 10,000 टन डिटर्जंट ओतलं गेलं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कामाचं प्रमाण लक्षात येतं.

यातलं सर्वांत जास्त वापरलेलं उत्पादन होतं बीपी 1002. या पहिल्या पिढीच्या रसायनांमध्ये तेलाचे बारीक थेंब करणारा साबणासारखा घटक होता, आणि तो ज्या द्रावकात मिसळलेला होता त्यात सुगंधी हायड्रोकार्बन भरपूर होते. म्हणजे समुद्रावरच्या आठवड्याभरात तेलातून जे सर्वांत विषारी घटक उडून गेले होते, जवळपास तेच घटक ताजे ताजे, साबणासकट, पुन्हा खडकावर आणून ओतले गेले. साबणामुळे ते पेशींच्या पडद्यांमधून सहज आत शिरत होते. प्लिमथच्या सागरी जीवशास्त्र संस्थेने प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा दहा लाख भाग पाण्यात याचे काही मोजके भागसुद्धा अनेक किनारी प्राण्यांना मारायला पुरेसे ठरले. खडकावर तर ते कित्येकदा निर्भेळच पडत होतं.

फवारा अंगावर आला की लिम्पेटची पकड सुटायची. कवचाची कड वर उचलली जायची, पाय ढिला पडायचा आणि प्राणी खाली घळीत गळून पडायचा. टॉपशेल, डॉगव्हेल्क यांसारखे शंख, खेकडे, खळग्यांतले छोटे मासे, कोणीच सुटलं नाही. फवारलेलं रसायन पुढच्या भरतीत दुधाळ पाण्याच्या रूपाने शेजारच्या, न फवारलेल्या खडकांवरही पसरायचं. आणि तेल? ते मोठ्या प्रमाणात नाहीसं झालं नाही, थेंब थेंब होऊन फटींत, दगडांखाली आणि वाळूच्या खोल थरांत जाऊन बसलं. वरून पाहिलं तर खडक स्वच्छ दिसत होते. फोटो काढायला आलेल्यांना समाधान वाटावं इतके स्वच्छ.

पोर्थलेवन

कॉर्नवॉलच्या दक्षिण किनाऱ्यावरचं पोर्थलेवन हे भरपूर तेल आणि वारंवार फवारणी, दोन्ही सोसलेलं ठिकाण. प्लिमथच्या ॲलन आणि ईव्ह साउथवर्ड या सागरी जीवशास्त्रज्ञ दांपत्याने इथला आणि आजूबाजूच्या खडकांचा माग वर्षानुवर्षं ठेवला. पुढे स्टीव्ह हॉकिन्स यांनी तो चालू ठेवला. त्यांच्या निरीक्षणांतून जो क्रम दिसतो तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

पहिल्या काही आठवड्यांत खडक उघडा बोडका. मग उन्हाळा लागला आणि सगळा पट्टा हिरव्या शेवाळाने भरून गेला. चरणारं कोणी उरलंच नव्हतं, तेव्हा जे पहिलं रुजेल ते वाढणार होतं, आणि सर्वांत वेगाने रुजतात ती पातळ हिरवी शेवाळं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं की निसर्ग सावरला. पण लाटांच्या माऱ्यातल्या कॉर्निश खडकावर असा हिरवा गालिचा असणं हेच बिघाडाचं लक्षण होतं.

त्या हिरव्या थरात फ्यूकस रुजलं. 1968 पासून साधारण 1971 पर्यंत हे तपकिरी शेवाळ इतकं माजलं की एरवी पांढुरका दिसणारा खडक दिसेनासा झाला. खालच्या पट्ट्यातल्या काही जातीही आपली नेहमीची हद्द ओलांडून वर चढल्या. जे बार्नॅकल रसायनातून वाचले होते, त्यांच्यावर आता हे पट्टे आले. लाटेबरोबर हलणारं शेवाळ खडकावरून सतत झाडू मारत राहतं, नवी पिल्लं बसू देत नाही, आणि खाली गाळ धरून ठेवतं. रसायनाने न मेलेले बार्नॅकल असे शेवाळाखाली कमी होत गेले. विषाचा अंमल संपून काही वर्षं लोटली होती आणि तरी त्याचे बळी पडतच होते, फक्त आता एका जिवाच्या हातून दुसऱ्याच्या.

पण याच शेवाळाखाली उलटीही गोष्ट घडत होती. लिम्पेटची अंडी आणि पिल्लं पाण्यात मोकळी सुटतात, थोडे दिवस वाहत राहतात आणि मग खडकावर उतरतात. आसपासच्या वाचलेल्या किनाऱ्यांवरून अशी पिल्लं येत राहिली. एरवी उघड्या खडकावर उन्हाने वाळून मरणारी ती पिल्लं फ्यूकसच्या ओल्या छपराखाली झपाट्याने वाढली. खायला भरपूर, ओलावा भरपूर, आणि जागा अडवून बसलेले जुने लिम्पेट नाहीत. त्यांची संख्या नेहमीच्या पातळीच्या कितीतरी वर गेली. नवं फ्यूकस रुजेना, कारण आता खाणारी तोंडं पुष्कळ झाली होती, आणि जुनं फ्यूकस म्हातारं होऊन लाटांनी उपटलं गेलं.

मग आली उपासमार. खडक पुन्हा उघडा पडला होता आणि त्यावर लिम्पेटची प्रचंड गर्दी होती. एकाच वयाचे, एकाच भुकेचे प्राणी. इथे साउथवर्ड यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली. आपली खाच न सोडणारा हा प्राणी घर सोडून निघाला. लिम्पेटच्या रांगाच्या रांगा, खांद्याला खांदा लावून, खाण्याच्या शोधात खडकावरून पुढे सरकत होत्या. त्यातले पुष्कळ मेले. 1970 च्या दशकाच्या मधल्या वर्षांत लिम्पेटची संख्या कोसळली, मग बार्नॅकलना मोकळा खडक मिळाला, मग लिम्पेट कमी झाल्यामुळे फ्यूकसने पुन्हा थोडी उचल खाल्ली, आणि असे हेलकावे हळूहळू लहान होत गेले.

1978 मध्ये साउथवर्ड दांपत्याने दहा वर्षांचा ताळा मांडला. लाटांच्या माऱ्यातले, कमी तेल लागलेले आणि कमी फवारलेले खडक पाच ते आठ वर्षांत मूळपदावर आले होते. भरपूर तेल आणि वारंवार फवारणी झालेल्या ठिकाणांना नऊ ते दहा वर्षं लागली होती आणि ती ठिकाणंही पूर्ण सावरली आहेत असं त्यांना म्हणवलं नाही. पुढे 1992 मध्ये हॉकिन्स आणि साउथवर्ड यांनी लिम्पेटच्या संख्येतले चढउतार तपासून सांगितलं की नेहमीच्या मर्यादेत यायला पंधरा वर्षंपर्यंत गेली. एका लिम्पेटच्या आयुष्याशी हा काळ मिळताजुळता आहे, आणि ते योगायोगाने झालेलं नाही. एकाच वर्षी जन्मलेली एक मोठी पिढी सगळा खडक व्यापून बसली होती. ती विरून तिच्या जागी वेगवेगळ्या वयांचे प्राणी आल्याशिवाय हेलकावे थांबणार नव्हते.

गॉड्रेव्ही

उत्तर किनाऱ्यावर, सेंट आइव्हज उपसागराच्या टोकाशी गॉड्रेव्ही आहे. तिथे राखाडी सील राहतात. सीलना त्रास होईल या काळजीने तिथे डिटर्जंट वापरलं नाही. तेल खडकावर तसंच राहिलं, लाटांनी झिजत, उन्हात वाळत, जिवाणूंनी आणि चरणाऱ्या शंखांनी थोडं थोडं संपवत. दोन ते तीन वर्षांत तो किनारा पूर्ववत झाला.

दोन-तीन वर्षं विरुद्ध दहा-पंधरा वर्षं. ही तुलना इतकी ठसठशीत आहे की तिच्यावर सावधपणे बोलायला हवं. गॉड्रेव्ही आणि पोर्थलेवन हे मुद्दाम आखलेल्या प्रयोगाचे दोन भाग नव्हेत. दोन्हीकडे लागलेलं तेल सारखं नव्हतं, लाटांचा मारा सारखा नव्हता, पिल्लं पुरवणारा शेजारचा किनारा सारखा नव्हता. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या भागातलं समुद्राचं पाणीही आधीच्या दशकापेक्षा थंडावत होतं, आणि थंड पाण्यात राहणाऱ्या व उबदार पाण्यात राहणाऱ्या बार्नॅकलच्या जातींमधली चढाओढ त्यानुसार बदलत असते. असं असूनही मी या तुलनेवर विश्वास ठेवतो, कारण ती दोनच ठिकाणांवर उभी नाही. जास्त फवारणी, कमी फवारणी, फवारणीच नाही, अशा अनेक ठिकाणांची क्रमवारी लावली तर सावरण्याचा काळही त्याच क्रमाने लांबत जातो. शिवाय मधली यंत्रणा उघड आहे. लिम्पेट मेले तर काय होतं हे आइल ऑफ मॅनवर आधीच दिसलं होतं.

1989 मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजाचं तेल सांडलं तेव्हा रसायनाऐवजी गरम पाण्याच्या जोरदार धारांनी खडक धुतले गेले. तिथेही धुतलेल्या खडकांवरचे जीव न धुतलेल्या खडकांपेक्षा मागे पडल्याचं पाठपुराव्यात आढळलं.

उशिरा परतलेले

सगळे जीव लिम्पेटसारखे पाण्यावरून परत येत नाहीत. डॉगव्हेल्क हा बार्नॅकल आणि शिंपल्यांना भोक पाडून खाणारा शंख. त्याची मादी खडकाच्या फटीत अंड्यांच्या कुप्या चिकटवते आणि त्यातून थेट रांगणारी पिल्लं बाहेर पडतात. पाण्यात वाहत जाण्याचा टप्पा त्यांच्या आयुष्यात नाही. एखाद्या एकाकी खाडीतले डॉगव्हेल्क संपले तर शेजारच्या खाडीतून ते रांगत रांगतच यायचे. पुढे ऐंशीच्या दशकात बोटींच्या तळाला लावल्या जाणाऱ्या ट्रायब्युटिलटिन रंगाने या जातीवर वेगळंच संकट आणलं, तेव्हा एका आघातातून उठतो न उठतो तोवर दुसरा, अशी गत झाली.

क्लिबॅनेरियस एरिथ्रोपस हा छोटा हर्मिट खेकडा कॉर्नवॉलमध्ये आपल्या पसाऱ्याच्या उत्तर टोकावर जगत होता. त्याची खरी वस्ती फ्रान्सच्या ब्रिटनीपासून दक्षिणेकडे. तो रिकाम्या शंखांत राहतो. 1967 च्या घटनांनंतर तो कॉर्नवॉलमध्ये दुर्मिळ होत गेला आणि मग दिसेनासाच झाला. 2016 मध्ये फालमथजवळ तो पुन्हा सापडला. इतक्या वर्षांच्या गैरहजेरीला एकटं डिटर्जंट जबाबदार धरता येणार नाही, थंड पाण्याचाही हात असणार. पण पसाऱ्याच्या काठावर तग धरून असलेल्या जातीला एक मोठा धक्का पुरतो, हे यातून नीट दिसतं.

आधीच्या नोंदी

हे सगळं आपल्याला कळलं कसं? साउथवर्ड 1950 च्या दशकापासून नैर्ऋत्य इंग्लंडच्या खडकांवर बार्नॅकल मोजत होते. ठरलेल्या जागी, ठरलेल्या चौकटीत, वर्षामागून वर्ष. तेलाशी त्या मोजणीचा काही संबंध नव्हता. हवामान आणि जातींचे पसारे यांचा तो अभ्यास होता. जहाज फुटलं तेव्हा प्लिमथच्या संस्थेने संचालक जे. ई. स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली हातातली कामं बाजूला ठेवली, माणसं किनाऱ्यावर आणि बोटीवर पाठवली आणि 1968 मध्ये सविस्तर अहवाल काढला. पण त्या धावपळीत केलेल्या कामाला किंमत आली ती आधीच्या शांत वर्षांतल्या मोजणीमुळे. खडक आधी कसा होता हे ठाऊक नसतं तर 1967 च्या उन्हाळ्यातला हिरवा गालिचा हे बरं होण्याचं चिन्ह म्हणूनच खपला असता. अशा संथ, वर्षानुवर्षं चालणाऱ्या मोजणीला निधी मिळवणं तेव्हाही कठीण होतं आणि आजही कठीण आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नियम मात्र बदलले. जहाजमालकांच्या नुकसानभरपाईच्या जबाबदारीचा आंतरराष्ट्रीय करार 1969 मध्ये झाला, जहाजांपासून होणाऱ्या प्रदूषणाबद्दलचा मारपोल करार 1973 मध्ये. रसायनं बनवणाऱ्यांनी सुगंधी द्रावक सोडून कमी विषारी मिश्रणं आणली. ब्रिटनमध्ये अशा रसायनाला परवानगी देताना ज्या विषचाचण्या घेतल्या जातात त्यात खडकाळ किनाऱ्यासाठी वेगळी चाचणी आहे आणि तिच्यात वापरला जाणारा प्राणी आहे लिम्पेट. रसायनामुळे नुसत्या तेलापेक्षा जास्त लिम्पेट मरत असतील तर ते खडकाळ किनाऱ्यावर वापरता येत नाही. आजची रसायनं 1967 च्या मिश्रणांपेक्षा कितीतरी सौम्य आहेत, आणि खोल समुद्रात, पक्ष्यांचे थवे वाचवण्यासाठी, ती वापरणं कधी कधी योग्यही ठरतं. ज्या खडकावर जीव चिकटून बसले आहेत त्या खडकावर फवारणं ही वेगळी गोष्ट आहे.

आपल्या कातळांसाठी

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन इंधन तेल मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला लागलं. पावसाळ्याच्या सुमाराला गोव्याच्या आणि कोकणच्या पुळणींवर डांबराचे गोळे येतात ते तर किनाऱ्यावरच्या माणसांना नेहमीचेच. बातमी बहुधा पुळणीची आणि खारफुटीची असते. कातळाकडे फारसं कोणी बघत नाही. खरं तर रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत जागोजाग काळा बसॉल्ट आणि जांभा समुद्रात उतरलेला आहे, त्यावर कालवं आहेत, बार्नॅकल आहेत, शिंपले आहेत, आणि सेल्लाना वंशातले आपले लिम्पेटही आहेत. ओहोटीला कोयता-टोपली घेऊन कालवं काढायला जाणाऱ्या बायकांचं घर या पट्ट्यावर चालतं.

कॉर्नवॉलचे आकडे उचलून इथे लावता येणार नाहीत. आपलं पाणी उबदार आहे, तेलाचे हलके घटक इथे आणखी वेगाने उडतील, जीव लवकर वाढतात आणि लवकर मरतात. पावसाळ्याचे चार महिने लाटा आणि गोडं पाणी दरवर्षी खडकाची उलथापालथ करतात. त्यामुळे सावरायला पंधराऐवजी चार वर्षं लागतील की आठ, हे कॉर्नवॉलवरून ठरणार नाही. ते ठरवायला आपल्याच कातळांच्या आधीच्या नोंदी लागतील.

समुद्रातल्या तेलगळतीचा बंदोबस्त आपल्याकडे तटरक्षक दलाच्या समन्वयाने होतो आणि त्यासाठी 1996 पासून राष्ट्रीय आराखडा आहे. आराखड्यात माणसं, बोटी, साहित्य यांची सोय असते. खडकावर किती लिम्पेट होते हे आराखडा सांगू शकत नाही. ते किनाऱ्याजवळच्या महाविद्यालयांनीच मोजायला हवं. खर्च नगण्य आहे. उधाणाच्या ओहोटीला, वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, कायमच्या खुणा केलेल्या जागी अर्ध्या मीटरची चौकट ठेवायची. बार्नॅकलने किती भाग व्यापला, शेवाळाने किती, कालवं किती, लिम्पेट किती, हे लिहायचं आणि वरून एक फोटो काढायचा. कालवं काढणाऱ्या बायकांना त्या वर्षी कुठे कमी मिळालं तेही विचारून घ्यावं, त्यांना खडकाची वर्षं आपल्यापेक्षा जास्त पाठ असतात.

आणि लिम्पेट नुसते मोजून भागणार नाही, प्रत्येकाच्या कवचाची लांबीही लिहावी लागेल. पोर्थलेवनला उतरणीच्या वाटेवर एखाद्या वर्षी एकूण आकडा नेहमीइतका भरलाही असेल. पण ते सगळे एकाच वयाचे होते, आणि खडक अजून सावरलेला नव्हता हे फक्त त्यांच्या मापांवरून कळलं असतं.